लंगड्या वायरीवरचा हजार

"साधारण किती?" असं मोजपट्टीबाईंना विचारण्यात काही अर्थ नव्हता. साधारण नावाची चीज त्यांच्याकडे मिळायचीच नाही. बसथांबा पाच मिनिटांवर आहे ना, असं कोणी विचारलं की त्या म्हणणार, "अकरा. तुमच्या चालीनं तेरा." शेजारणीने हौसेने चहा पाजून "कसा झालाय?" विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "साखर कमी, दूध जास्त. पण गरम आहे." पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. ती सात वर्षांची असताना गाणं म्हणून मोठ्या आशेने विचारायला आली, "आई, कसं गायले?" आणि आईसाहेब म्हणतात, "खालच्या सुरात बरं. वर गेलीस की आवाज फाटतो." पोरगी आठ दिवस बोलली नाही. आता याला काय म्हणायचं! खोटं बोलू नये हे सगळ्यांना मान्य आहे हो, पण इतकंही नाही.

पण एक होतं. या बाई वर्षा-सहा महिन्यांतून एकदा कोणाला "छान झालंय" म्हणाल्या, तर तो माणूस त्या एका वाक्यावर वर्ष काढायचा. उरलेल्या जगाने दिलेल्या शंभर शाबासक्यांना तेवढं वजन नसायचं.

मोजपट्टी हे नाव ऑफिसने ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे "ताई" म्हणायचे. बावीस वर्षं एकाच खोलीत काढल्यावर पाठीमागचं नाव कानावर येतंच. त्यांना एकदा कोणीतरी चाचरत सांगितलं, तेव्हा त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "वाकडी मोजपट्टी म्हणत नाहीत ना? मग चालेल."

ऑफिस म्हणजे पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिन्यात कायम ऑइलपेंटचा वास. वर आठ टेबलं, एक मालक, आणि कपाटांत पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये कार्डं. संगणकात बसवायची, तळहाताएवढी, हिरवी. भिंतीतून आलेली वायर त्या कार्डात खोचली की संगणक बाकीच्या जगाशी बोलायला लागतो. पण नवं कार्ड काय बोलतंय ते संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाष्याला म्हणतात ड्रायव्हर, आणि तो लिहायचं काम मोजपट्टीबाईंचं. त्यांच्या सासूबाई भाजी निवडताना शेजारी अभिमानाने सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हर लिहिते." त्यावर एका शेजारणीने बरेच दिवस विचार करून विचारलं होतं, "रोज लिहिते? आणि तो ड्रायव्हर काही उत्तर देतो का?"

तर या दुभाष्याने कारभाऱ्याला पुष्कळ गोष्टी सांगायच्या असतात, आणि त्यातली एक म्हणजे वेग. वायरीतून सेकंदाला किती माल जातोय: दहा मेगाबिट, शंभर, की हजार. स्क्रीनच्या कोपऱ्यात क्लिक केलं की तो आकडा दिसतो. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण काही अडलं की माणसं पहिल्यांदा तोच आकडा बघतात, आणि देवावर ठेवणार नाहीत एवढा विश्वास त्याच्यावर ठेवतात. मोजपट्टीबाईंना हे ठाऊक होतं. नव्या माणसाला काम शिकवताना त्या पहिल्या दिवशी सांगायच्या, "वायर काढली की जुना आकडा पुसायचा. शून्य दाखवायचं नाही, मघाचा दाखवायचा नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. लाज वाटायचं कारण नाही."

त्यांच्या टेबलामागे एक फळी होती, तिला सगळे दवाखाना म्हणायचे. तिच्यावर नुसत्या आजारी वायरी. नेटवर्कच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. एका वायरीची एक जोडी कापलेली, एकीला उंदराने कुरतडलेलं, एक वर्षभर खुर्चीच्या पायाखाली चिरडलेली. प्रत्येकीला चिठ्ठी: कुठून आली, काय झालं. कोणाच्या घरी, दुकानात, शाळेत खराब वायर निघाली की लोक ती टाकून न देता बाईंना आणून द्यायचे. त्यांच्या एवढं मनापासून "वा!" दुसरं कोण म्हणणार? नवा ड्रायव्हर या सगळ्या दवाखान्यातून फिरल्याशिवाय बाहेर जायचा नाही, हा त्यांचा नियम.

आणि एवढं सगळं असूनही घोटाळा झाला तो याच दवाखान्यात.

एका मंगळवारी चहाच्या वेळी तक्रारी बघणारा माणूस कप हातात घेऊन हसत हसत आला. "ऐका, ऐका. आजची गंमत. एका हॉस्पिटलातल्या बाई लिहितात." आणि त्याने मोठ्याने वाचलं: "मी सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करते. माझ्या संगणकात तुमचं कार्ड आहे. स्क्रीनवर हजार दिसतं. ते खरंच हजार आहे का, हे मला कोणी सांगू शकेल का? शुक्रवारी माझी चौकशी आहे."

"हजार दिसतंय, आणि बाई विचारतात हजार आहे का!" तो म्हणाला. "उद्या विचारतील, घड्याळात दहा वाजलेत, तर दहा वाजलेत का?" सगळे खो खो हसले. मालकही हसला.

मोजपट्टीबाई हसल्या नाहीत. "उत्तर काय दिलंत?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच. स्क्रीनवर हजार दिसत असेल तर कार्डात दोष नाही."

"कोणी मोजलं?"

"अहो ताई, मोजायचं काय त्यात? दिसतंय ना!"

"त्या विचारतायत ते बरोबर विचारतायत," बाई म्हणाल्या. "पत्ता द्या."

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या हॉस्पिटलात पोचल्या. सीटी स्कॅनची खोली तळघरात होती. बाहेर बाकावर रुग्ण, एका म्हाताऱ्याच्या डोक्याला पट्टी, एक बाई मांडीवर झोपलेल्या नवऱ्याचं डोकं सांभाळत बसलेली. आत जाड काचेमागे मशीन आणि काचेच्या अलीकडे मशीन चालवणारी बाई. वय चाळिशीच्या आसपास, पायात कापडी बूट, आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की झोप विकत मिळत असती तर कोणीही आणून दिली असती.

"तुम्ही कंपनीतून? माझ्या पत्रासाठी?" तिचा विश्वासच बसेना. मग ती घडाघडा बोलायला लागली.

गोष्ट सरळ होती. एका रुग्णाच्या स्कॅनची दोन-तीन हजार चित्रं निघतात. ती वर डॉक्टरांकडे पाठवायची आणि हॉस्पिटलच्या मुख्य संगणकातल्या साठवणीतही पाठवायची. नव्या इमारतीत तसंच मशीन आहे, तिथून चित्रं अर्ध्या मिनिटात वर पोचतात. इथून चार मिनिटं, कधी पाच. महिन्यापूर्वी अपघातातला एक जण आला होता. डॉक्टर वर ताटकळत उभे, चित्रं येईनात. माणूस वाचला, पण डॉक्टर खाली येऊन सगळ्यांसमोर ओरडले. मग हॉस्पिटलच्या नेटवर्कवाल्याने तपासलं. मशीन ठीक. वायरीचा वेग हजार, म्हणजे वायरही ठीक.

"मग राहिलं कोण?" ती म्हणाली. "मी. म्हणतात, स्कॅन झाल्यावर तुम्ही बटण दाबायला वेळ लावता. मध्ये मोबाइल बघता. अहो, मी मोबाइल कपाटात ठेवते! आता तर पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. तरी चार मिनिटं ती चारच."

मोजपट्टीबाईंनी पर्समधून स्टॉपवॉच काढलं. हो, त्यांच्या पर्समध्ये स्टॉपवॉच असायचं. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्यांनी एक गीगाबाइटची फाइल त्या संगणकातून साठवणीकडे पाठवली. वायर हजारने चालत असेल तर नऊ सेकंद लागायला हवेत. नऊ गेले. वीस गेले. पन्नास. बाईंनी मान वर केली नाही. पंच्याऐंशी सेकंदांनी फाइल पोचली.

पंच्याऐंशी म्हणजे सेकंदाला चौऱ्याण्णव मेगाबिट. जाणकार माणूस तापाचा आकडा ऐकून आजार ओळखतो, तसा हा आकडा बाईंना ओळखता येत होता. ही शंभराची वायर होती. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत हजार लिहिलेलं होतं.

त्यांनी वायरीचा माग काढला. टेबलामागून ती कपाटाच्या पाठीमागे आणि तिथून जड दाराच्या बिजागरीजवळून भिंतीत जात होती. दार उघडलं की बिजागरी वायरीला चिमटा घ्यायची. रोज चाळीस-पन्नास वेळा, गेली कित्येक वर्षं. आतली एक जोडी कधीच तुटली होती. बरं, वायर तुटते, त्यात नवल नाही. पण मग हजार कसा दिसतो?

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कार्डातल्या चिपचे खण उघडले. चिपमध्ये छोटे छोटे खण असतात, त्यांत ती आपली स्थिती लिहून ठेवते. वायर खोचली की दोन्ही टोकं आधी आपापली यादी सांगतात: मला दहा जमतं, शंभर जमतं, हजार जमतं. दोन्ही याद्यांतला मोठ्यात मोठा सामाईक आकडा ठरतो. त्या खणात लिहिलं होतं: ठरलं, हजार. पण हजारला चारही जोड्या धडधाकट लागतात. चिपने चार-पाच वेळा प्रयत्न केला असणार, जमलं नाही, मग ती गुपचूप शंभरवर उतरली, कारण शंभरला दोनच जोड्या पुरतात. तेही तिने प्रामाणिकपणे दुसऱ्या एका खणात लिहून ठेवलं होतं: चालू वेग, शंभर.

ड्रायव्हर पहिला खण वाचत होता. दुसरा वाचतच नव्हता. काय ठरलं ते तो सांगत होता, काय चाललंय ते नाही. आणि तो ड्रायव्हर मोजपट्टीबाईंनी लिहिलेला होता.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. चार वर्षांपूर्वी कंपनीने चिप बदलली. जुन्या चिपला खराब वायर दिली की ती सरळ रुसून बसायची, चालायचीच नाही, त्यामुळे ठरलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक पडायचा प्रश्नच नव्हता. बाईंनी वेग सांगणारा तुकडा जसाच्या तसा नव्या ड्रायव्हरमध्ये उचलला. चालतंय ना, मग हात कशाला लावा. मग दवाखान्यातली एकेक वायर लावून बघितली, आणि काय आश्चर्य, कापलेल्या वायरीवरही नवी चिप चालली! उंदराने खाल्लेल्या वायरीवरही चालली! सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मालकाने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. त्या आनंदात एकाच्याही डोक्यात आलं नाही की लंगड्या वायरीवर स्क्रीन हजार कसा काय दाखवते ते बघावं. बसथांबा अकरा मिनिटांवर आहे म्हणणाऱ्या बाईच्याही डोक्यात आलं नाही. त्याही टाळ्या वाजवत होत्या.

त्या स्टुलावरून उठल्या. कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, वायर बदला, सगळं ठीक होईल, आणि काढता पाय घेतला असता. खोटंही ठरलं नसतं. त्या मशीनवाल्या बाईसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हळू नाही. वायर तुटकी आहे. आणि ती तुटकी आहे हे तुम्हाला कळलं नाही, ते माझ्यामुळे. हा हजार मी लिहिलाय आणि तो खोटा आहे."

"हे तुम्ही शुक्रवारी त्यांना सांगाल?" मशीनवाल्या बाईने हळूच विचारलं.

"सांगेन."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. शांत गृहस्थ, एवढ्या वर्षांत बायकोने आपल्या एकाही चित्राला 'सुंदर' म्हटलेलं नाही हे पचवून सुखात राहिलेला. तो म्हणाला, "मग आता काय, जगभर सांगत फिरणार, माझं चुकलं म्हणून?"

"जगभर नाही," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी, तीन जणांना. चौकशी समितीत तिघं आहेत."

रात्री ताटावर त्यांचा हात थांबला. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "लोकांना सांगत होते, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि मी काय केलं?" डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांनी ते चष्मा काढून नीट पुसलं. नवऱ्याने त्यांच्या ताटात भात वाढला.

गुरुवारी सकाळी नऊला त्या टेबलाशी बसल्या आणि साडेअकराला दुरुस्ती तयार होती. दुसरा खण वाचायचा, एवढंच. सात ओळी! मग दवाखान्यातल्या प्रत्येक वायरीवर त्यांनी नवा ड्रायव्हर फिरवला आणि या वेळी शेजारी वही ठेवून स्क्रीनवरचा आकडा आणि स्टॉपवॉचचा आकडा दोन्ही लिहिले. दोन्ही जुळले तेव्हा त्या मालकाकडे गेल्या.

मालक त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, मनाने वाईट नव्हता, पण घाबरट होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झकास. आजच सगळ्यांना पाठवू. सोबतच्या पत्रात लिहू, वेग दाखवण्यात सुधारणा केली आहे."

"सुधारणा नाही," बाई म्हणाल्या. "सुधारणा म्हणजे चांगलं होतं ते अजून चांगलं केलं. हे चूक होतं ते बरोबर केलं. तसं लिहा."

"ताई, अहो, गिऱ्हाइकं काय म्हणतील? आणि त्या चौकशीला तुम्ही कशाला जाताय? वायर बदलली की झालं की!"

"वायर बदलली की वेग नीट होईल. तिच्यावरचा ठपका जाणार नाही. उलट म्हणतील, बघा, चौकशी लागल्याबरोबर हात चालायला लागले."

"जायचं तर जा," मालक शेवटी म्हणाला, "पण कंपनीच्या वतीनं नाही. रजा टाकून जा."

"टाकली आहे," बाई म्हणाल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत समिती बसली होती. एक मोठे डॉक्टर, एक प्रशासन बघणारे गृहस्थ आणि मोठ्या नर्सबाई. मशीनवाली बाई समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती, शाळेत पट्टी खायला उभं केल्यासारखी. नेटवर्कवाला कोपऱ्यात उभा होता. मोजपट्टीबाई आत आल्या तशी प्रशासनवाल्यांनी भुवया वर केल्या. "आपण कोण?"

"स्क्रीनवर जो हजार दिसतो ना, तो मी लिहिलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो चुकीचा आहे."

मोठे डॉक्टर हसले. "बाई, संगणक काही खोटं बोलत नाही."

"संगणक नाही बोलत," त्या म्हणाल्या. "आम्ही त्याला जे सांगतो ते तो बोलतो. मी त्याला चुकीचं सांगितलं. चार वर्षं तो माझी चूक बोलतोय, आणि भोगतायत या." मग म्हणाल्या, "तोंडी कशाला? खाली चला. दहा मिनिटं लागतील."

साडेनऊ लागली. समितीला तळघरात आणून त्यांनी तीच जुनी वायर ठेवून सकाळीच तपासलेल्या रुग्णाची चित्रं पाठवायला लावली आणि घड्याळ मुद्दाम मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलं. सव्वाचार मिनिटं. त्या वेळात मशीनवाल्या बाईला त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं होतं, कोणत्याही बटणापासून लांब. स्क्रीनवर हजार. मग नेटवर्कवाल्याने नवा ड्रायव्हर घातला. वायर तीच, खोली तीच, आणि आकडा बदलला: शंभर. नर्सबाई पुढे वाकून बघायला लागल्या. मग वायर बदलली, बिजागरीपासून लांबून नेली. आकडा हजार. चित्रं परत पाठवली.

"पंचवीस सेकंद," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि घड्याळाकडे परत एकदा बघितलं.

नेटवर्कवाला म्हणाला, "मीच आधी मोजायला हवं होतं." बिचारा चांगला माणूस. मोजपट्टीबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही आकड्यावर विश्वास ठेवलात. आकडा त्यासाठीच असतो."

आता इथे समितीने काय करायला हवं होतं? त्या बाईसमोर उभं राहून म्हणायला हवं होतं की आमचं चुकलं, महिनाभर तुमची झोप उडवली. पण छे! जीभ झडते की काय यांची कोण जाणे. प्रशासनवाले म्हणाले, "ठीक आहे, प्रकरण बंद. कामाला लागा," आणि तिघं जिन्याने वर गेले. एकट्या नर्सबाईंनी जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच.

मोजपट्टीबाई पर्स उचलून निघाल्या. मशीनवाली बाई धावत त्यांच्यामागे बाकांपर्यंत आली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "ताई, माझ्याआधी या खोलीत एक जण होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांना काढलं. हेच कारण होतं. चित्रं उशिरा पाठवतात म्हणून."

मोजपट्टीबाईंनी पर्स बाकावर ठेवली. "याच संगणकावर?"

"याच खुर्चीवर. जाताना त्यांनी मला सांगितलं होतं, हात जरा भरभर चालव गं, माझ्यासारखं करू नकोस."

त्या काढलेल्या बाईंचा पत्ता हॉस्पिटलात सफाई करणाऱ्या मावशींकडे निघाला. शनिवारी सकाळी मोजपट्टीबाईंनी घरी बसून हाताने तीन पानी पत्र लिहिलं, समितीच्या नावे. काय चुकलं, कोणाचं चुकलं, वायर हल्लीची नव्हे तर कित्येक वर्षांपूर्वीची तुटकी असणार हे कशावरून, सगळं आकड्यांसकट. खाली सही केली. त्याची एक प्रत घेऊन रविवारी दुपारी त्या दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईने. हाताला लाँड्रीतल्या शाईचे डाग. लाँड्रीत कपड्यांवर खुणा घालायचं काम करत होती. मोजपट्टीबाईंनी आपण कोण ते सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला. "परत काय झालं? मी तर कधीच सोडलं ते काम."

"तुमचं काही नाही झालं. बसून बोलू का?"

आतून पुरुषाचा आवाज आला, "कोण आलंय गं गोगलगाय?" आणि दोन पोरांचं हसणं. ती ओशाळून म्हणाली, "घरात मला असंच म्हणतात. तिथून काढल्यापासून. गमतीनं हो." आणि पदराने खुर्ची पुसून दिली.

मोजपट्टीबाईंनी सांगितलं. खण, वायर, बिजागरी, हजार, शंभर. तांत्रिक भाग तिला किती कळला कोण जाणे, पण ती मध्ये एकदाही हलली नाही. पत्र तिने हातात घेतलं, वाचलं नाही. मग म्हणाली, "मी डबा खायला जाणं बंद केलं होतं. सकाळी अर्धा तास आधी जायचे. बटण कुठंय ते न बघता दाबता यावं म्हणून घरी टेबलावर बोटांनी सराव करायचे. ह्यांनी बघितलंय. मग मला वाटायला लागलं, असेल आपल्यातच काहीतरी. लहानपणापासून असेल. आता लाँड्रीतही कोणी घाई केली की माझ्या हातून खुणा चुकतात."

"हात तुमचे ठीक होते," मोजपट्टीबाई म्हणाल्या. "त्या चार मिनिटांतला एकही सेकंद तुमचा नव्हता. मी मोजलंय."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मला परत घेतील?"

"ते माझ्या हातात नाही. पत्रात मागणी केली आहे. उत्तर नाही आलं तर जाऊन बसेन."

ती बाई उठली. आतल्या दाराचा पडदा एका हाताने बाजूला सारून तिने हाक मारली, आणि तो आवाज त्या घराने बहुतेक दीड वर्षात ऐकला नसावा. "अहो, टीव्ही बंद करा आणि बाहेर या. पोरांनाही घेऊन या. आईंनाही उठवा." नवरा बनियनवर शर्ट चढवत आला, मागून दोन पोरं, त्यांच्या मागे भिंत धरत सासूबाई. तिने सगळ्यांना पलंगावर ओळीने बसवलं. मग ती स्वतः खाली जमिनीवर बसली, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी, आणि मोजपट्टीबाईंना म्हणाली, "आता परत सांगा. पहिल्यापासून सांगा. यांना."